कॅसेटी-सीडींच्या नोंदीसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

रत्नागिरीच्या घरातल्या जुन्या रेकॉर्डिंगच्या साठ्याची नोंद ठेवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. साठा म्हणजे कॅसेटी, सीडी, डीव्हीडी सगळंच असणार, असं धरून सांगतो. जेलीफिन किंवा कोडीच्या मागे लागू नका. हार्डडिस्कवरच्या फायली चालवायला ती उत्तम आहेत, पण कपाटातल्या डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या) कॅसेटींची नोंद ठेवायला ती बनलेली नाहीत.

लिनक्स असेल तर टेलिको घ्या, विंडोज असेल तर डेटा क्रो. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत आपले रकाने वाढवता येतात. माझ्या मते निवड याच मुद्द्यावर करावी. गाजलेल्या सिनेमाची माहिती नेटवरून आपोआप भरली जाते. गावच्या नमन-दशावतारासारख्या लोकनाट्याचं किंवा भजनाचं घरगुती रेकॉर्डिंग कुठल्या डेटाबेसात असणार? तिथे बुवा, पखवाजी, गाव, साल, रेकॉर्ड कोणी केलं, हे हातानेच लिहायचं. आणि आत्ताच लिहा, आवाज ओळखणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवर.

'स्थिती' हा रकानाही हवाच. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडला लागून बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते. ती वेगळी ठेवा आणि तसं नोंदवा.

सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी चार-पाच नोंदी देवनागरीत भरून सीएसव्ही फाईल (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्ता-फाईल) काढून बघा. अक्षरांचे चौकोन झाले तर ते सॉफ्टवेअर सोडा. फक्त ऑनलाइन चालणारं तर नकोच, पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात. नोंदींच्या सीएसव्ही फाईलची एक प्रत मुंबईच्या नातेवाइकांकडेही राहू द्या.