रिपोर्टमधले पांढरे डाग आणि घरातली चिडचिड

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, सासूबाईंना (वय ६९, बीपी आहे) चक्कर यायची म्हणून एमआरआय केला, त्यात 'व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज' (म्हणे मेंदूत पांढरे डाग) असं लिहून आलंय. वर्षभरात त्या फार चिडचिड्या झाल्यात, मधेच रडतात. दीर नेटवर वाचून सांगतात की भावना कंट्रोल करणारी वायरच गेलीय, आता काही उपयोग नाही. खरं आहे का? आणि माझा १७ वर्षांचा मुलगा, जरा काही बोललं की दार आपटतो, त्याचाही एमआरआय काढावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलाचा एमआरआय अजिबात काढू नका, पैसे वाया जातील. भीती, राग पटकन उसळतो त्यात अमिग्डला नावाच्या भागाचा मोठा हात असतो, तो कानाच्या पातळीला आत खोल असतो, आणि 'थांब जरा' म्हणणारा भाग कपाळामागे, डोळ्यांच्या वर. या दोघांना जोडणारा, हुकासारखा वळलेला तंतूंचा एक जुडगा आहे, अनसिनेट फॅसिक्युलस. अशा तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं, त्यानेच तो भाग पांढरट दिसतो (म्हणून नाव व्हाइट मॅटर) आणि निरोप झपाट्याने जातात. आता गंमत अशी की हा जुडगा सगळ्यात उशिरा पिकणाऱ्यांपैकी, तिशीपर्यंत त्याचं काम चालूच असतं. म्हणजे सतराव्या वर्षी तो अर्धवट असणं हेच नॉर्मल. (बारावी असेल तर तेही धरा.)

दिरांनी वाचलं ते अगदीच खोटं नाही. २००९ साली अमेरिकेत किम आणि व्हेलन या संशोधकांनी धडधाकट माणसांचे स्कॅन काढले, ज्यांचा हा अमिग्डला ते कपाळामागचा रस्ता मजबूत ती माणसं स्वभावाने कमी काळजी करणारी निघाली. पण तो स्कॅन वेगळा, डिफ्यूजनचा, त्यात तंतूंच्या कडेने पाणी कसं सरकतं ते मोजतात, आणि निष्कर्ष सगळ्यांचे आकडे एकत्र करून काढलेला. त्यावरून एका माणसाचा राग वाचता येत नाही, कोणी वाचून दाखवतो म्हणाला तर तिथून उठून यावं. आणि वायर खरंच तोडली की काय होतं तेही माहीत आहे. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या मोनिझ नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णांच्या कपाळामागचं व्हाइट मॅटर तोडायला सुरुवात केली, १९४९ ला त्याला त्याबद्दल नोबेलही मिळालं, माझ्या मते ते द्यायलाच नको होतं. कारण पुढे अशा ऑपरेशननंतर कित्येक पेशंट शांत झाले खरे, पण कशातच रस नसलेले, थंड.

आता सासूबाई. त्यांच्या रिपोर्टमधले डाग म्हणजे बहुतेक वेळा बारीक रक्तवाहिन्यांची झीज, साठीनंतर खूप जणांच्या एमआरआयमध्ये दिसते, बीपी, शुगर, तंबाखू असेल तर जास्त. थोडे डाग असून मजेत असलेली माणसं भरपूर आहेत. डाग जास्त असले तर उतारवयातल्या डिप्रेशनशी त्यांचा संबंध दिसतो हे खरं, पण 'उपयोग नाही' हे साफ चूक. म्हातारपणी डिप्रेशन कित्येकदा उदासीपेक्षा चिडचिडीतूनच दिसतं आणि त्यावर औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत. आधी थायरॉइड, बी१२, झोप आणि कान तपासून घ्या. हो, कान! ऐकू कमी येणारा माणूस दिवसभर वैतागलेला असतो आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. रडण्यामागे काही कारण असतं का नीट बघा, कारण नसताना एकदम रडू येऊन तसंच थांबत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तो प्रकार वेगळा असतो आणि त्याची गोळीही वेगळी.

बीपीचं मात्र मनावर घ्या. अमेरिकेतल्या स्प्रिंट या मोठ्या अभ्यासात, २०१९ ला छापून आलं, ज्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला त्यांचे डाग इतरांपेक्षा कमी वाढले. म्हणून लगेच घरच्या घरी गोळी वाढवू नका, या वयात बीपी फार उतरलं तर तोल जाऊन पडतात आणि त्यांना चक्कर आधीच येते, तेव्हा त्यांच्यासाठी आकडा किती ठेवायचा ते फिजिशियनच ठरवतील. आणि एकाएकी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळून पडला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तशाच हॉस्पिटलात न्या.