मुलाखतीला हो म्हणण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू फोटो काढून पाठवलेलं माहितीपत्रक मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. विद्यापीठ आहे, पैसा एनआयएचआरचा, म्हणजे आरोग्य आणि काळजीच्या संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेचा आहे, विषय होमकेअर वर्करच्या, म्हणजे घरोघरी जाऊन वृद्ध-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या कामाचा आणि तासाभराची मुलाखत. तू विचारलंस, "मावशी, जाऊ का?" जा, असंच मी म्हणेन. पण जाण्याआधी काही गोष्टी बघून घे.

आधी भीतीचं बोलू. 2022च्या फेब्रुवारीत केअर वर्करचं काम ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर व्हिसाच्या यादीत आलं आणि तुझ्यासारख्या मुली इकडे आल्या. मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना नवरा-मुलं आणायची बंदी झाली. जुलै 2025 मध्ये परदेशातून नवी भरतीच थांबली. तू आत आहेस, पण स्पॉन्सरच्या, म्हणजे ज्याच्या नोकरीवर तुझा व्हिसा आहे त्या मालकाच्या जिवावर. नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. अशा वेळी "कशाला बोला, आपलं चाललंय ते चालू दे" असं वाटलं, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. फक्त हा हिशेब विद्यापीठातल्या लोकांनीही केलाय का, ते तपास.

पत्रक तुला मॅनेजरनं दिलं. बहुतेक अभ्यासांत असंच होतं, कारण वर्करची यादी तुम्हाला कामावर ठेवणाऱ्या एजन्सीकडेच असते. केअर होममध्ये सगळे एका छताखाली असतात, संशोधक दुपारच्या चहाला गेला तरी चार जणी भेटतात. तू मात्र दोन कॉलच्या, म्हणजे दोन घरभेटींच्या मधे बस स्टॉपवर असतेस. म्हणून होमकेअरचा अभ्यास करणाऱ्यांना ऑफिसच्या दारातूनच यावं लागतं, आणि कोणाला पत्रक द्यायचं हे तिथे बसलेलं माणूस ठरवतं. तक्रार न करणारीच्या हातात ते लवकर पडतं, हे तुला सांगायला नको. तेव्हा होकार किंवा नकार ऑफिसमध्ये सांगूच नकोस. पत्रकावर संशोधकाचा ईमेल आहे, तुझ्या स्वतःच्या ईमेलवरून थेट लिही. रोटाचं, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचं ॲप असलेल्या कंपनीच्या फोनवरून मुलाखत देऊ नकोस. ऑफिसच्या खोलीतही नको. सुट्टीच्या दिवशी, घरून.

ते थेट लिहू देत नसतील, किंवा कोण बोललं ते एजन्सीला कळणार असेल, तर सरळ नाही म्हण. एजन्सीचं स्वतःचं "स्टाफ सर्व्हे" म्हणून जे येतं, ते संशोधन नसतं, हेही लक्षात ठेव. संशोधनाच्या पत्रकावर एथिक्स कमिटीचं नाव आणि मंजुरीचा क्रमांक असतो, आणि कधीपर्यंत माघार घेता येईल तेही लिहिलेलं असतं. तुझ्या पत्रकात ते चौथ्या पानावर आहे.

नाव बदलतील, हे ते सांगतीलच. ते पुरत नाही. पंचवीस माणसांच्या एजन्सीत "महाराष्ट्रातून आलेली, नर्सिंग शिकलेली, तिशीच्या आतली" असं छापून आलं, तर तुझं नाव लिहायची गरजच काय? म्हणून मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांग: माझा गाव, माझी भाषा, माझं शिक्षण अहवालात नको. चांगले संशोधक हे लगेच लिहून घेतात. जो "त्याचं काही नाही हो" म्हणतो, त्याच्यापाशी बेतानं बोल.

आणखी एक. तू बोलताना कोणा क्लायंटला कोणी मारतंय, उपाशी ठेवतंय, पैसे लुबाडतंय असं निघालं, तर संशोधकाला ते स्वतःपाशी ठेवता येत नाही, पुढे कळवावं लागतं. हेही पत्रकात लिहिलेलं असतं. मला त्यात चूक वाटत नाही, पण तुला आधी ठाऊक असायला हवं. आणि असं काही दिसलं, तर मुलाखतीची वाट बघायचीच नाही.

आता बोलायचं काय, ते. आपल्याला शाळेपासून परीक्षेची सवय. समोर शिकलेलं माणूस दिसलं की आपण "मॅडमला काय हवंय" ते शोधतो आणि "सगळं छान आहे, टीम खूप सपोर्ट करते" म्हणून मोकळे होतो. या देशात प्राध्यापकालाही नावानंच हाक मारतात, तू पण मार. मग तुझं मत सांगण्यापेक्षा तुझी सकाळ सांग. पहिला कॉल सात वाजता, अर्ध्या तासाचा: अंघोळ, पॅड बदलणं, नाश्ता, गोळ्या, एमएआर चार्टवर, म्हणजे औषधांच्या नोंदीच्या तक्त्यावर सही. ॲपमध्ये तू आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नोंदली जाते. फ्रीजमधलं दूध न उघडलेलं होतं, आजोबा रोजच्यासारखे चिडले नाहीत, पायाला सूज होती, आणि तू डिस्ट्रिक्ट नर्सला, म्हणजे घरी येऊन तपासणाऱ्या नर्सला फोन केलास, हे त्या वेळांत कुठे दिसणार? संशोधकाला हेच कोणी सांगत नाही. डबल-अपला, म्हणजे दोघींनी मिळून करायच्या कॉलला दुसरी आली नाही आणि माणसाला उचलायचं यंत्र, हॉइस्ट, समोर असताना तू काय केलंस, ते सांग. दोन घरांमधला वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचाच वेळ धरतात. तुझ्या पगारपत्रकावर तो दिसतो का, ते सांग. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मिळेल का विचार. मराठीत दुभाषी मिळणं अवघड, पण मागितलंस तरच पुढच्या वेळी निधीच्या अर्जात त्याचा खर्च धरतील.

याचा उपयोग काय, असं तू विचारणारच. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सोशल केअरमध्ये पंधरा लाखांहून जास्त नोकऱ्या आहेत, तरी धोरणाच्या टेबलावर त्यांचा आवाज बारीकच असतो. 2015 मध्ये नाइसनं, म्हणजे आरोग्य आणि काळजीचे निकष ठरवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेनं, होमकेअरच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अर्ध्या तासाहून छोटा कॉल केव्हा चालेल, ते त्यात आहे: वर्कर क्लायंटच्या ओळखीची हवी, तो कॉल मोठ्या मदतीचा भाग हवा, आणि काम ठरावीक हवं किंवा माणूस ठीक आहे ना एवढंच बघायचं असावं. तुझ्या रोटातले पंधरा मिनिटांचे कॉल त्यात किती बसतात, ते तूच बघ. अशा सूचना लिहिताना पुरावा मागतात, आणि तू सांगितलेली सकाळ हाही एक पुरावा आहे. एका मुलाखतीनं तुझा रोटा बदलेल असं मी सांगणार नाही. बदलणार नाही.

पत्रकात शेवटी बारीक अक्षरात आहे की काही वर्करसोबत संशोधक घरी येऊन काम बघेल. तिथे मात्र थांब. तुझी संमती तुझ्यापुरती. घर क्लायंटचं, अंगही त्यांचंच, त्यांची संमती वेगळी लागते. ज्यांना डिमेन्शियामुळे हा निर्णय घेता येत नाही, त्यांच्यासाठी 2005चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. आधी घरच्या किंवा जवळच्या माणसाला विचारायचं, पगार घेऊन काळजी घेणाऱ्याला नाही. असं कोणीच नसलं, तर प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला नेमून त्याचा सल्ला घेतात. तेव्हा "तूच त्यांना सगळ्यात जास्त ओळखतेस, तूच सांग" असं कोणी गोड बोलून म्हणालं, तर सही करू नकोस. आणि कागद सगळे झाले, तरी पडदा ओढताना आजींनी त्या परक्या माणसाकडे बघून तोंड फिरवलं, तर त्याला तू बाहेर पाठव. कायदाही तेच म्हणतो.

पैशांचं राहिलं. मुलाखतीबद्दल बहुतेक व्हाउचर देतात, ते घ्यायला लाजू नकोस, तो तुझ्या सुट्टीतला तास आहे. त्यापुढे कधी सल्लागार गटात ये म्हणाले, तर ती वेगळी गोष्ट. तिथे प्रश्न काय विचारायचे हेच तू ठरवायला मदत करतेस, आणि एनआयएचआरच्या नियमांत त्या कामाला तासावर मानधन असतं. मला स्वतःला मुलाखतीपेक्षा त्या खुर्चीत जास्त रस वाटतो, आणि तुझ्यासारखीनं तिथे बसावं असं मनापासून वाटतं. फक्त मानधन घेण्याआधी ते तुझ्या व्हिसाच्या अटींत बसतं का, ते इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार असलेल्या माणसाला विचार. फेसबुकच्या ग्रुपवर नाही.

संमतीपत्रावर "निष्कर्षांचा सारांश हवा" असा चौकोन असतो, त्यात खूण कर. सारांश आला की मलाही पाठव. रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे, सही करण्याआधी फोन कर, चौथं पान एकत्र वाचू.

तुझी,
मावशी