थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर शिरेतून कोणतं वेदनाशामक?

या वेदनाशामकांची तुलना करायला निघालात, तर सगळी औषधं एकदम तोलायला जाऊ नका. ही वेदना बहुतेकांना सौम्य ते मध्यम असते, जोर पहिल्या २४ तासांत. त्यातही बराच त्रास भुलीच्या वेळी घशात घातलेल्या नळीने खवखवणाऱ्या घशाचा आणि शस्त्रक्रियेत मागे ताणून ठेवलेल्या मानेचा. म्हणून तुलना करताना गिळतानाच्या वेदनेचा आकडा वेगळा नोंदवा. नवखे नेमकं हेच विसरतात.

सुरुवातीला एवढं पुरे:

- पॅरासिटामॉल हा पाया. प्रौढांना १ ग्रॅम, १५ मिनिटांत, दर ६ तासांनी. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. रुग्ण जागा व्हायची वाट पाहू नका, टाके घालायच्या आधीच सुरू करा.
- ट्रामाडॉल ५० ते १०० मिलिग्रॅम, अगदी सावकाश. घाईने ढकललंत की मळमळ आलीच, आणि इथे उलटी महागात पडते: उबळीने मानेतल्या शिरांमधला दाब वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. उलटी थांबवायला ऑनडॅनसेट्रॉन दिलं तर ट्रामाडॉलचा गुण कमी पडू शकतो, हेही तुलनेत धरा.
- केटोरोलॅक गुणकारी, पण त्याने प्लेटलेटचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) काम मंदावतं. मूत्रपिंड, अल्सर तपासा आणि सर्जनला विचारूनच द्या.

मॉर्फिन, फेंटानिल ही तीव्र औषधं राखीव, द्यावी लागलीच तर थोडंथोडं.

सगळ्यात घातक चूक वेगळीच. वेदना अचानक वाढली, मान फुगली किंवा घट्ट वाटली, श्वासाला घरघर लागली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो; वेदनाशामकाचा पुढचा डोस भरू नका. पट्टी काढून मान पाहा आणि वरिष्ठांना तिथल्या तिथे बोलवा.