स्टार्टअपच्या ऑफरमधले ईसॉप पगारात धरायचे का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: आयटी कंपनीत २४ लाखांचं पॅकेज आहे, बाणेरमधली एक स्टार्टअप रोख १८ लाख आणि वर ‘४ वर्षांत १ कोटीचे ईसॉप’ देऊ करतेय, तर जावं का? (ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने पुढे विकत घ्यायचा कर्मचाऱ्याला मिळणारा हक्क; या हक्कांनाच ऑप्शन म्हणतात.)

अशा कंपन्यांची पगारपत्रकं आणि ईसॉपची कागदपत्रं सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे. माझं मत ऐकाल तर ईसॉपची किंमत शून्य धरा. १८ लाखांत घर भागत असेल आणि काम मनासारखं असेल, तर खुशाल जा. नुसत्या त्या १ कोटीकडे बघून मात्र जाऊ नका.

मुळात हा १ कोटीचा आकडा येतो कुठून? मागच्या फंडिंग राउंडमध्ये, म्हणजे पैसे उभारण्याच्या फेरीत, गुंतवणूकदाराने एका शेअरला जो भाव दिला, त्याला तुमच्या ऑप्शन्सच्या संख्येने गुणलं की झाला १ कोटी. पण गुंतवणूकदाराने घेतलेले असतात प्रेफरन्स शेअर, तुम्हाला मिळणार साधे. त्याच्या करारात बहुतेक वेळा अट असते की कंपनी विकली गेली तर आधी माझे पैसे, मग बाकीच्यांचे. समजा कंपनीने १०० कोटी उभे केले आणि पुढे ती ९० कोटींना विकली गेली. पेपरात फोटो छापून येतो, ऑफिसात केक कापला जातो आणि ईसॉपवाल्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

तो भाव कधीचा आहे, हेही बघा. २०२१ मध्ये अमेरिकेत व्याजदर शून्याच्या आसपास होते, पैसा स्वस्त होता आणि इथे वाट्टेल त्या भावाने राउंड होत होते. मार्च २०२२ पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर वाढवायला सुरुवात केली, जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले आणि इकडचा ओघ आटला. बायजूजचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होतं. जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. शेअर बाजारात आली म्हणजे सुटलो, असंही नाही. पेटीएमचा शेअर २०२१ मध्ये २,१५० रुपयांनी विकला गेला आणि पहिल्याच दिवशी २७ टक्के आपटला.

आता खरी मेख. समजा भाव ८०० रुपये आहे, म्हणजे तुमचे ऑप्शन १२,५००. दोन वर्षांनी तुम्ही नोकरी सोडलीत, तोवर निम्मे, म्हणजे ६,२५० व्हेस्ट झाले, म्हणजे तुमच्या हक्काचे झाले. एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घ्यायचा ठरलेला भाव, १० रुपये असेल तर शेअर घ्यायला साडेबासष्ट हजार लागतील, ते ठीक आहे. पण मर्चंट बँकरने (करासाठी शेअरचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने) काढलेला भावही ८०० च निघाला, तर मधला फरक, म्हणजे ४९ लाखांहून जास्त रक्कम, तुमचा पगार समजून त्यावर कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १५ लाखांच्या घरात किंवा वरच जाईल. शेअर विकायला बाजार नाही आणि कर मात्र रोखीत. शिवाय नोकरी सोडल्यानंतर अनेक कंपन्या फक्त ९० दिवस देतात, त्यात घेतले नाहीत तर ऑप्शन गेले. हा कर पुढे ढकलायची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पात आली खरी, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या मोजक्या स्टार्टअपनाच. आणि नोकरी सोडली की तीही संपते.

लोकांचं भलं झालंच नाही असं नाही. फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये नॅसडॅकवर गेली तेव्हा ५०० हून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाले. फोनपे वेगळी झाल्यावर २०२३ मध्ये फ्लिपकार्टने ईसॉपधारकांना सुमारे ७० कोटी डॉलर रोख वाटले. पण त्यातले कित्येकजण वर्षानुवर्षं टिकून होते, आणि ज्या कंपन्या बुडाल्या त्यांच्या ईसॉपची बातमी कोण छापतं?

एचआरला मेलवर तीन गोष्टी विचारा. कंपनीचे सगळे ऑप्शन धरून एकूण शेअर किती? (ते कळल्याशिवाय १२,५०० या आकड्याला काही अर्थ नाही.) एक्सरसाइज प्राइस किती? काही ठिकाणी ती मागच्या राउंडच्या भावाएवढीच असते, मग तो १ कोटी तुमचा नसतोच. आणि सोडल्यावर मुदत किती? ९० दिवसांऐवजी काही वर्षं देणाऱ्या कंपन्याही आहेत, मागून बघा. कायद्याने पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, तेव्हा त्यावर घासाघीस करू नका. त्यापेक्षा ईसॉप निम्मे करा आणि रोख २१ लाख द्या, असं सरळ सांगा. फाउंडरला पैशाची चणचण नसेल तर तो बऱ्याचदा मान्य करतो.