गोठवण्याआधी प्लाझ्मात प्लेटलेट किती उरल्या होत्या, ते आधी बघा

तुम्ही कळवलेली अडचण ओळखीची आहे. हृदयरोग्यांचे आणि निरोगी लोकांचे मायक्रोपार्टिकल (पेशींपासून सुटून रक्तात फिरणारे सूक्ष्म कण) उंदराच्या महाधमनीच्या कापलेल्या कड्यांवर सोडले तर असिटिलकोलिनने (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरामार्फत तिला सैल करणारं रसायन) येणारं शिथिलीकरण दोन्हींत सारखंच घटतंय, सीडी४१चे (प्लेटलेटची ओळख पटवणारं प्रथिन) आकडे मात्र नमुन्यागणिक कुठच्या कुठे जाताहेत. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की प्लाझ्मा साठवण विभागातून आला, '१५०० जी-ला एकदा फिरवून गोठवलेला' (जी म्हणजे सेंट्रिफ्यूजचा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत). माझ्या मते गोम तिथेच आहे.

एकदाच फिरवलं की प्लेटलेट मागे राहतातच. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. शंभरातली एक उरली तरी हजारोंनी झाल्या. उणे ८० अंशाला गोठवून वितळवल्या की त्या फुटतात. तुकड्यांवर सीडी४१ असतं, फॉस्फॅटिडिलसेरीन (पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा मेदघटक) बाहेर आलेलं असतं, म्हणजे अ‍ॅनेक्सिन व्ही (त्याला धरणारं, मोजणीसाठी वापरलं जाणारं प्रथिन) त्यांनाही चिकटतं. कण मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर ते रोग्याच्या रक्तात फिरणाऱ्या कणांपासून वेगळे काढता येत नाहीत. कड्यांना तुम्ही बहुधा हाच चुरा देताय, म्हणून दोन्ही गट सारखे दिसतात. वितळवल्यावर कितीही फिरवा, झालेले तुकडे परत प्लेटलेट होत नाहीत.

याच चुकीत आमचा अख्खा संच गेला, म्हणून कळकळीने सांगतो. नळीवर फक्त 'प्लाझ्मा' लिहिलेलं. किती जी, किती वेळ, ब्रेक होता का, कशाचीच नोंद नाही. विचारलं तर 'सगळे असाच घेतात' एवढंच उत्तर. नोंद नसेल तर असा प्लाझ्मा या कामाला घेऊच नये, फुकट मिळाला तरी.

नवे नमुने घ्याल तेव्हा २१ गेजची सुई, दंडाचा पट्टा सैल, पहिले दोन-तीन मिलि टाकून द्या, ३.२ टक्के सायट्रेट. नळी उभी ठेवा, हेलकावे देऊ नका, तासा-दोन तासांत काम उरका. २५०० जी, १५ मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. ब्रेक लागला की बफी कोट (लाल पेशींवर बसलेला पांढऱ्या पेशी-प्लेटलेटचा थर) हलतो आणि प्लेटलेट वर येतात. वरचा प्लाझ्मा काढताना त्या थराच्या वर सुमारे एक सेंटिमीटर सोडा. मोह होतो, पण पिपेटचं टोक आणखी खाली नेऊ नका. तोच प्लाझ्मा नव्या नळीत घालून पुन्हा तसाच फिरवा आणि तळचे १०० मायक्रोलिटर सोडून द्या. गोठवण्याआधी थोडा भाग काढून त्यात सीडी४१ मोजा, वितळवल्यावर पुन्हा मोजा. आकडा फुगला तर प्लेटलेट उरल्या होत्या.

आता कड्यांचं. संशोधक बुलांजे यांच्या गटाने २००१ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रोग्यांचे कण २४ तास देऊन शिथिलीकरण घटलेलं दाखवलं. इस्केमिया (रक्तपुरवठ्याची कमतरता) नसलेल्यांच्या कणांनी तसं झालं नाही. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण बदललं नव्हतं, बिघाड त्याच्या संदेशमार्गात होता. म्हणून निव्वळ वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण बघणारी चाचणी) विसंबू नका. सोडियम नायट्रोप्रुसाइडला (अस्तर वगळून थेट स्नायू सैल करणारं औषध) कडं नीट सैल होतंय ना, ते प्रत्येक वेळी बघा. तिथेही घट आली तर दोष एंडोथेलियमचा (आतल्या अस्तराचा) नाही, स्नायूचा किंवा हाताळणीचा आहे. तुलनेला नुसता बफर पुरत नाही, कण खाली बसवणाऱ्या शेवटच्या फिरवणीनंतर वर उरलेला द्रवही द्या. कणांची मात्रा रक्तातल्या पातळीइतकीच ठेवा. दसपट दिली तर काहीही बिघडवून दाखवता येतं.

जाता जाता: अ‍ॅनेक्सिनसाठी कॅल्शियम लागतं, पण ते फॉस्फेट बफरमध्ये घालू नका. बारीक साका होतो आणि यंत्र तोच कण म्हणून मोजतं. हेपेस बफर वापरा. अँजिओग्राफीच्या रोग्यांचं रक्त हेपरिन देण्याआधी घ्या, नाहीतर पुढे मायक्रोआरएनएचा पीसीआर अडतो.

हातातले जुने नमुने फेकू नका. सीडी१४४ किंवा सीडी६२ई ही एंडोथेलियमची खूण असलेली प्रथिनं प्लेटलेटवर नसतात, त्यामुळे एंडोथेलियमच्या कणांची ढोबळ मोजणी त्यांतून जमू शकेल. सीडी३१ एकट्याने चालणार नाही, ते प्लेटलेटवरही असतं. तुमचं यंत्र किती लहान कण पकडतं यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून खात्री देत नाही. कड्यांच्या प्रयोगाला मात्र ते नमुने वापरू नका.