घोरण्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे कशाला?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एखाद्या जोडप्याला मी 'एकदा दातांच्या डॉक्टरांनाही भेटून या' असं सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं. 'दात तर ठणठणीत आहेत, मॅडम!' हल्ली याच शंकेचे फोनही येतात. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसभर पेंगणं यात दातांचा काय संबंध? की बिल वाढवायची ही नवी तऱ्हा? शंका रास्त आहे. गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका जोडप्याची हकिकत सांगते, तीत उत्तर येईलच. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला दोघांचीही हरकत नाही.

सुमनताई पहिल्यांदा आल्या त्या एकट्याच. पन्नाशीला टेकलेल्या, नीटनेटक्या, बोलताना पर्सचा बंद सारखा पिळणाऱ्या. 'ह्यांचं घरात लक्षच नाही. ऑफिसातून आले की सोफ्यावर आडवे. काही बोलायला गेलं की खेकसतात. शेवटी मीच मुलीच्या खोलीत झोपायला लागले, तर सासूबाईंनी जाऊबाईंना फोन करून सांगितलं, हिने खोली सोडली म्हणून.' पुढे ती बातमी वाड्यावर फिरली आणि माहेरी पोचली. आता भाऊ विचारत होता, काय चाललंय तुमचं? हा संसार टिकेल का, एवढंच त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

खोली का सोडलीत, असं विचारल्यावर त्या जरा ओशाळल्या. 'घोरतात हो.' इतक्या साध्या कारणासाठी कुणी खोली सोडतं का, असं त्यांना स्वतःलाच वाटत होतं. मी म्हटलं, कसे घोरतात ते सांगा. त्यांनी मोबाइल काढला आणि रात्री केलेलं रेकॉर्डिंग लावलं. आधी पंख्याची घरघर, तिच्यावर चढत गेलेलं घोरणं, आणि मग एकदम काहीच नाही. पंखा तेवढा चालू. सुमनताई ओठ हलवत मोजत होत्या. मोजतोय हे त्यांच्या ध्यानातही नसावं. अठराच्या पुढे गेल्या तेव्हा घशातून एक मोठा हिसका ऐकू आला, खाट करकरली आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. 'असं रात्रभर. श्वास परत येतो की नाही ते बघत मी जागी. आणि सासूबाई म्हणतात, बिचारा दमतो, गाढ झोपतो!'

जोरात घोरतो तो गाढ झोपतो, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो पुसायला हवा. घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नसतो. झोपेत स्नायू सैल पडले की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो, वाट अरुंद होते आणि हवा जाताना तो भाग थरथरतो. ते घोरणं. वाट पुरतीच मिटली की श्वास थांबतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. प्राणवायू उतरला की मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, वाट उघडते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, पण झोपेचे तुकडे झालेले असतात. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. चिडचिड, विसरणं, कशातच रस न वाटणं, नवराबायकोतली जवळीक आटणं ही सगळी त्याचीच पिलावळ असू शकते. कागदावर मांडलं तर नैराश्यासारखं दिसतं, आणि पुष्कळदा नैराश्य म्हणूनच हाताळलं जातं. म्हणून भांडणाचा इतिहास विचारण्याआधी मी झोपेबद्दल विचारते. निदान डॉक्टर करतात, पण विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या भेटीला सुमनताईंचे यजमान, वसंतबाब आले. सरकारी नोकरी, रोज फोंडा ते पणजी स्वतःची गाडी चालवत. गावच्या जत्रेतल्या नाटकात वर्षानुवर्षं काम करणारा माणूस. आवाज खणखणीत, देह भारदस्त, कॉलरचं बटण लागत नाही असा गळा. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, तरी तो आटोक्यात नव्हता. रात्री तीनदा लघवीला उठायचे. मधुमेह तपासून झाला होता, तो नव्हता. सकाळी डोकं जड. तालमीत पाठांतर विसरायला लागले तेव्हा मात्र ते घाबरले होते.

दिवसा किती झोप येते हे मोजण्याची एक आठ प्रश्नांची यादी आहे, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेली. वाचत बसला असताना, टीव्ही बघताना, सभेत बसला असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलं की डॉक्टरांकडे जावं. सभेचा प्रश्न आल्यावर वसंतबाब हसले. 'तीन लिहा. साहेबांसमोर घोरलोय.' रहदारीत थांबलेल्या गाडीचा प्रश्न आला तेव्हा मात्र गप्प झाले. मग सांगितलं, बाणस्तारी पुलापाशी एकदा गाड्या अडकल्या होत्या, मागचा हॉर्न ऐकून डोळे उघडले. पुढे एकदा चालत्या गाडीतही तसंच झालं. सुमनताई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. 'मला का नाही सांगितलंत?' 'तू त्या खोलीत होतीस,' ते म्हणाले. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. सोळा गुण झाले होते, पण त्या दिवशीचं खरं काम या दोन वाक्यांत झालं.

पुढचा रस्ता डॉक्टरांचा. कान-नाक-घशाची तपासणी झाली, मग रात्रभर बोटाला, छातीला आणि नाकाला तारा लावून झोपेची तपासणी. तासाला सरासरी बावीस वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र, असा हिशेब असतो. छातीविकाराच्या डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. वसंतबाबांनी दोन महिने प्रयत्न केला. मास्क बदलून पाहिला, दाब कमीजास्त करून पाहिला. पण मध्यरात्री तो ओढून फेकायचे. 'बैलाला मुसकं बांधल्यासारखं वाटतं, मॅडम.' यंत्र कपाटावर गेलं आणि घरात नवी धुसफूस सुरू झाली, एवढे पैसे घातले त्याचं काय म्हणून.

तेव्हा त्याच डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. चिठ्ठी घेऊन वसंतबाब आधी माझ्याकडे आले, चिडून. 'आता कवळी घालायची वेळ आली का माझ्यावर?'

कवळीचा इथे संबंध नाही. जिभेचा मोठा स्नायू खालच्या जबड्याला आतून चिकटलेला असतो. जबडा पुढे आणला की जीभ पुढे येते आणि तिच्या मागची वाट मोकळी होते. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे, मापाने बनवलेले दोन ट्रे एकमेकांत अडकवून झोपेत खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवायचा, एवढीच ती युक्ती. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना पटवलंही छान. म्हणाल्या, जरा घोरून दाखवा. नटच तो, असं घोरून दाखवलं की बाहेरचे पेशंट हसले. आता खालचे दात वरच्यांच्या पुढे आणा आणि तसंच घोरा. वसंतबाबांनी पुष्कळ खटपट केली, पण मघासारखा आवाज काही निघेना. (घरी करून बघायला हरकत नाही. फक्त तेवढ्यावरून निदान करू नका.)

पण ट्रे लगेच मिळाला नाही. खालच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्यांतून रक्त येत होतं. रात्रभर जबडा ओढून धरायचा तर त्याला पकड देणारे दात घट्ट हवेत. म्हणून आधी दात साफ करणं, दाढा भरणं, हिरड्यांवर उपचार. दात झिजलेले होते, म्हणजे झोपेत दात खायची सवयही होती. घोरण्यासाठी गेलेल्या माणसाच्या तोंडाची इतकी वर्षं न झालेली डागडुजी अशी झाली. ज्यांचे बरेच दात पडलेत किंवा जबड्याचा सांधा दुखतो, त्यांना हे उपकरण देता येईलच असं नाही. बांबोळीला गोमेकॉजवळ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ, सरकारी दंत महाविद्यालय आहे. खाजगीत जाणं झेपत नसेल तर दातांची आणि हिरड्यांची तपासणी निदान तिथे करून घ्यावी.

पहिले काही आठवडे त्रास झाला. तोंडात लाळ साचायची, सकाळी जबडा अवघडलेला, न्याहारीच्या वेळी दात नीट एकमेकांवर बसत नसत. त्यासाठी सकाळी करायचा चावण्याचा व्यायाम दिला होता. जबडा एकदम पुढे नेला नव्हता, थोडा थोडा सरकवत नेला. मग ट्रे लावून झोपेची तपासणी पुन्हा झाली, बावीसचे सहा झाले. ही दुसरी तपासणी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं, असं नसतं.

हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचाही विषय निघालाच. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी मित्रांबरोबर बसणं त्यांना सोडायचं नव्हतं. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, तेव्हा निजायच्या आधी नको, इतपत तडजोड झाली. वजनाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र अजून कागदावरच आहे.

घरचं सांगायचं तर सगळं एका रात्रीत गोड झालं, असं लिहिणं खोटं ठरेल. सुमनताई परत खोलीत गेल्या आणि त्यांनाच झोप येईना. घोरणं ऐकू येत नाही म्हणून उठून त्यांच्या नाकापाशी बोट धरायच्या. जागरणाची त्यांची सवय मोडायला वेळ लागला. शिवाय आतापर्यंतचं खेकसणं आजारातून आलेलं होतं हे कळलं, तरी लागलेलं बोलणं लागलेलंच राहतं. 'मग मी रागवायचं कुणावर?' असं त्यांनी मला विचारलं होतं. त्या रागावर आम्ही पुढे बरेच महिने बोललो. सासूबाईंना समजावण्याचं काम मात्र मी वसंतबाबांवर टाकलं, आणि त्यांनी ते केलं.

फोन करणाऱ्यांना आता सरळ सांगते. दातांच्या डॉक्टरकडे जा, पण झोपेची तपासणी झाल्यावर आणि तो अहवाल हातात घेऊन. आजार तीव्र असेल तर आधी सीपॅपच. ट्रे हा कायमचा इलाज नाही, लावाल त्या रात्रीपुरताच तो काम करतो, आणि दात सरकत नाहीत ना हे बघायला अधूनमधून जावं लागतं. गरम पाण्यात मऊ करून चावायचे ट्रे ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या आणि घोरणाऱ्या लहान मुलांना हे उपकरण लावायचा विचारही करू नका. त्यांचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी आधी तपासून घ्या. आणि गाडी चालवताना एकदा जरी डुलकी लागली असेल, तर तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, नाहीतर कदंबाच्या बसने जा.