वाचक विचारतात: पियानोची शिकवणी आणि घरचा सराव

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. रोज तासभर वाजवते, पण त्याच जागी अडखळते. शिक्षक बदलावा का?

उत्तर : आधी सराव बदलून पाहा. अडखळली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते का? तसं असेल तर सुरुवात घोटून पक्की होते आणि अवघड जागा कच्चीच राहते. चुकणाऱ्या दोनच मात्रा-खंडांवर (स्वरलिपीत उभ्या रेघांमधल्या भागांवर, म्हणजे बारवर) लक्ष द्या. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. सलग पाच वेळा बिनचूक आलं की ६४ करा. नंतर आधीचा एक खंड जोडा, कारण अडखळणं बहुधा दोन खंडांच्या सांध्यावर असतं. दर वेळी बोटं तीच हवीत, म्हणून बोटांचे आकडे (अंगठा १ ते करंगळी ५) स्वरांवर पेन्सिलने लिहून ठेवा. या वयात एका बैठकीत तास फार होतो. वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात.

शिक्षक निवडताना एक तास समोर बसून पाहा. ते मनगट, खांदे, बाकाची उंची बघतात का? घरी काय, किती करायचं हे वहीत लिहून देतात का? नुसतं ट्रिनिटीच्या (ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांच्या) ग्रेडबद्दल बोलत असतील आणि वर्षभर परीक्षेच्या तीनच रचना घोटून घेत असतील, तर जरूर दुसरा शिक्षक शोधा.

आणि कीबोर्ड! हलक्या पट्ट्यांवर बोटांत फारशी ताकद येत नाही. ८८ वजनदार (खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो जमेल तेव्हा घ्याच.